सीमच्या चहाचं बी

१६ जानेवारी

चार नंबरच्या रोपांना आज मोजपट्टी लावली. सगळी एका उंचीची! पानांचा तोच मळका हिरवा रंग, फुलोरा एकाच आठवड्यात, वासही तोच — ओलं लाकूड आणि जरासं मांजराचं मूत. पाच पिढ्या प्रत्येक झाडाचं लग्न त्याच्याशीच लावत आले, तेव्हा कुठे हा दिवस दिसला. रोपं खुरटी आहेत, किरकिरी आहेत, बघवत नाहीत. पण एक पाहिलं की सगळी पाहिली. कोबीत आयुष्यभर मी हेच केलं, तेव्हा गावाला त्याचं काही नव्हतं. गांजात करते म्हटल्यावर भुवया वर!

शेजारी सीमला सांगायला गेले. थोरले बंधुराज खिडकीत, चाकांच्या खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होते.

"म्हणजे माझ्या झाडाची पोरंबाळं नेलीस आणि ती पार कुपोषित करून ठेवलीस," तो म्हणाला.

"तशीच दोन कुपोषित एकमेकांना दिली की बघ, काय पोर निघतं!"

"आपल्या आईबापांनी असंच काहीतरी केलं असणार. एक पांगळं निघालं, एक खवट."

मला हसू आवरलं नाही. घरी आल्यावर जाणवलं, पांगळं हा शब्द तो किती सहज बोलून गेला. माझ्या तोंडातून तो अजून निघत नाही.

२१ जानेवारी

हेस्टरचा फोन. सीमची लेक, पण बाप फोन उचलत नाही म्हणून मला करते.

"आत्या, एवढा खटाटोप कशाला? बाबांच्या झाडाची फांदी तोडून लाव की. वीस वर्षं तेच करत आलात ना?"

तेच करत आलो आणि तिथेच फसलो! त्या झाडाच्या रसातच आता रोग आहे. फांदी लावली म्हणजे तेच झाड, रोगासकट. सीमच्या शेडमधली कलमं निम्मी कुजतात, उरलेली बुटकी राहतात, फुलांत दम नाही. हेस्टरकडे झेलंडला पाठवली होती ती तर आठवड्यात मेली. बियात हा रोग सहसा उतरत नाही. पण नुसतं बी धरावं तर जितकी रोपं तितक्या तऱ्हा. एकाच्या चहाने सीम गाढ झोपेल, दुसऱ्याने भिंतीकडे बघून हसत बसेल, तिसऱ्याने काहीच नाही. प्रत्येकाचा चहा पिऊन बघायचा म्हटलं तर त्याचा जन्म जाईल. औषधाच्या दुकानातला गांजा झाला — डोकं गरगरतं, पाय तसेच. गावातल्या गांजा विकणाऱ्या कॉफीशॉपमधला झाला — पुडीवर नाव तेच, आत दर वेळी नवा पाहुणा.

मी तिला म्हटलं, "तुझ्या बाबांच्या झाडाचे दोन शुद्ध अर्धे भाग करायचे आणि पुन्हा सांधायचे. जमलं तर त्या बियातून येणारं प्रत्येक झाड तेच. आज पेरा, पाच वर्षांनी पेरा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर कोबी खा."

मग नेहमीचं रडगाणं. बाबांना इकडे पाठव, खालची खोली तयार आहे, मे महिन्यात बाळ येईल, आजोबा जवळ हवेत. सीम जाणार? हे घर सोडून, हा बांध, ही खिडकी सोडून? दर वेळी तो "बघू" म्हणतो. त्याचं "बघू" मला बरोबर कळतं!

२२ जानेवारी

सकाळी सीमला चहा करून दिला. गांजा दुधात उकळायचा, साखर जास्त. तासाभराने आखडलेले पाय सैल पडले आणि तो पलंगावरून खुर्चीत स्वतः सरकला, हाताच्या बळावर. हे सरकणं जमतंय तोवर तो आपल्या घरात राहील. जमेनासं झालं की होर्नच्या वृद्धाश्रमात. तशी घरी येणाऱ्या नर्सने स्वच्छ कल्पना दिलेली आहे. सगळं त्या पेल्यावर अडलेलं आहे.

९ फेब्रुवारी

वाउटर आला होता. आता पोलीस झालाय, पण मला तो अजून आमच्या कोबीत सायकल घालणारा शेंबडाच दिसतो. आमच्याकडे घरात गांजाची पाच झाडं असली तर सरकार कानाडोळा करतं. त्याने काचघरात मान घातली आणि बोटाने झाडं मोजली.

"योके काकू, मला पाचापेक्षा जरा जास्त दिसतायत."

"चष्मा बदल."

"चष्मा नवाच आहे."

कॉफी दिली. रीतीप्रमाणे एकच बिस्कीट दिलं, डब्याचं झाकण लावलं. त्याने ते बिस्कीट फार सावकाश खाल्लं.

"सीमचे पाय कसे आहेत?"

"वाईट."

"हं. मग पाचच असतील," म्हणाला आणि उठला. तो दारापर्यंत गेल्यावर मी डबा परत उघडला आणि त्याला आणखी एक बिस्कीट दिलं. आमच्या गावात याला लाच म्हणत असावेत!

३ मार्च

पराग सुटला! चारसारख्याच शुद्ध केलेल्या नऊ नंबर आणि सात नंबर, दोन्ही. माद्यांवर चांदीच्या औषधाचा फवारा मारला की त्या नराची फुलं काढतात, आणि काढली. आता दोन जोड्या. चार आणि नऊ. चार आणि सात. मनातून मला नऊची जोडी हवी आहे. नऊ उंच, डौलदार, फांद्या अगदी शिस्तीत. सात म्हणजे गवताचा भारा.

नियम पुन्हा भिंतीवर चिकटवले. परागखोलीतले कपडे परागखोलीत. बाहेर येताना अंघोळ, केसांवरून पाणी, पाण्याने पराग मरतो. फुलावर आलेल्या कुठल्याही झाडाजवळ त्या दिवशी जायचं नाही. परागाचा एक भपकारा पुरे. फुलं बियांनी भरतात आणि त्यांचा गुण जातो. सीमच्या शेडमध्ये पडद्यामागे जुन्या झाडाचं शेवटचं धड कलम फुलावर आहे. ती तोडणी एप्रिलमध्ये. तेवढी हाती आली की ऑगस्टपर्यंत चिंता नाही, तोवर नवं येईल.

१२ मार्च

सीमचा वाढदिवस. दिवसभर ब्रश घेऊन एकेका फुलाला पराग लावत बसले, घड्याळाकडे लक्षच नव्हतं. हेस्टरचा फोन आला, "आत्या, आम्ही आलो आहोत, केक आलाय, तू कुठेयस?" धावत अंघोळ, धावत कपडे. पोचले तेव्हा माणसं उभीच. बसायला खुर्च्या नव्हत्या. वाढदिवसाला खुर्च्यांचा गोल मांडायचा तर घडीच्या खुर्च्या शेडमध्ये, त्या मीच जाऊन काढल्या. मग सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, जणू म्हातारं होणं हा गावाचा पराक्रम. गालांवर तीन तीन पापे. केकचा एकेक तुकडा, मग गोलात बसून एकमेकांच्या गुडघ्यांच्या चौकशा.

हेस्टरचं पोट मोठं दिसतंय. सीम तिच्याकडे सारखा बघत होता. तिला निरोप देताना तिचा हात त्याने बराच वेळ सोडला नाही.

१३ मार्च

पाऊस. पाठ धरली आहे. सात नंबर संपवला.

९ एप्रिल

देवा!

सीमच्या शेडमध्ये कात्री घेऊन गेले होते, तोडणीला. पहिलंच फूल बोटांत धरलं आणि आत कडक लागलं. दाबलं. बी. दुसरं फूल, बी. सगळं झाड बियांनी लगडलेलं. खालपासून वरपर्यंत.

पडद्यामागे उभी राहून आठवत राहिले. कोण आलं होतं, दार कोणी उघडलं. आणि मग आठवलं. वाढदिवस. सगळे कपडे बदलले होते, केस धुतले होते, आणि परागखोलीच्या दारामागच्या खुंटीवरचा राखाडी लोकरी स्वेटर जाताना अंगावर ओढला होता. थंडी होती. तोच घालून पडद्यामागे वाकले, झाडाला घासून खुर्च्या ओढल्या.

भिंतीवर नियम लावणारी मी!

१० एप्रिल

काल सांगायचं धैर्य झालं नाही. आज सांगितलं. एका दमात.

सीमने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दर वाढदिवसाला मोजे आणतेस. या वेळी नातवंडं आणलीस."

मी हसले नाही. तोही हसला नाही. खिडकीकडे तोंड करून बसला. समोर शब्दकोडं होतं, पेन हातात होतं, एक अक्षर लिहिलं नाही त्याने.

"मला शिव्या दे ना," मी म्हटलं.

"उद्या देतो. आज दमलोय."

मला त्याच्या पायांची इतकी भीती कधी वाटली नव्हती. माझ्या हाताने केलं हे. कुणावर ढकलायलाही जागा नाही.

११ एप्रिल

शिव्या दिल्या. मनापासून, आणि बापाच्या काळच्या. फार बरं वाटलं. दोघांनाही.

२४ एप्रिल

दोन्ही जोड्यांचं बी पिकलं. आजच पेरलं. चार-नऊचं बी मोठं, पट्टेदार, हातात घ्यावंसं. चार-सातचं बारीक, करडं, उंदराच्या लेंड्यांसारखं.

बियांनी भरलेलं सीमचं झाड मी कचऱ्यात टाकणार होते. तो म्हणाला, "फुलं ठेव. बिया निवड आणि फुलं वाळव. काहीतरी दम असेलच." निवडत बसले. निम्मा दमही नाही. पण त्याला हवाय म्हटल्यावर!

६ मे

रोपं उगवली. दोन्ही वाफे असे, की कुणी तरी एकच रोप काढून त्याचे ठसे मारलेत. चार-नऊची लांबी आणि चार-सातची बुटकी अशी नावं पडली आहेत. खुरट्या आईबापांची ही पोरं, आणि वाढ बघा! दिवसागणिक दिसते. इतक्या वर्षांनंतरही दर वेळी मला याचं नवल वाटतं. दोन मरतुकड्यांपासून असं काही निघतं हे मला शाळेत सांगितलं असतं तर मी देवळात जायचं सोडलं नसतं.

१९ मे

मुलगी झाली! फीन. हेस्टरचा नवरा रात्रभर जागून इतका वेडा झालाय की फोनवर वजन सांगताना रडला.

इकडे मी टोस्टवर लोणी लावून गुलाबी बडीशेप पेरली, मुलगी झाली की करतात तशी, आणि सीमकडे ताटली घेऊन गेले. वाउटरही आला, वास लागतो मेल्याला. सीमने फोनवर बाळ बघितलं. बाळाने जांभई दिली. त्याने फोन इतका जवळ धरला की त्याला काय दिसत असेल कोण जाणे. जायचं म्हटलं तर गाडीत तीन तास पाय आखडून. कसा जाणार?

"तुझं नाक आहे तिला," मी म्हटलं.

"बिचारी," म्हणाला. पण फोन परत देईना.

८ जून

शेवटची बरणीही रिकामी. गेला महिनाभर तो बियांतून निवडलेला कचरा दुप्पट घालून पीत होता. पोट बिघडलं, पाय तसेच.

१२ जून

पाय लाकूड. सकाळी मी आणि नर्स नाईमा, दोघींनी मिळून उचललं. त्याने डोळे मिटून घेतले होते. दुखत होतं म्हणून नव्हे. लाज वाटत होती म्हणून. मला माहीत आहे तो चेहरा, लहानपणी बांधावरून चिखलात पडला होता तेव्हाचा.

१३ जून

तेच.

१८ जून

दुकानातला गांजा पुन्हा आणला. आज डोकं फिरलं आणि त्याने नाईमाला आई म्हणून हाक मारली. नाईमा म्हणाली, "चला, घरातलं एक माणूस वाढलं." चांगली पोरगी आहे. पण जाताना वहीत काहीतरी लिहिलं, आणि तिची नजर माझ्याकडे होती.

५ जुलै

नाईमा आज कामाचं बोलायला बसली. कॉफी घेतली नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"सीम, मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. असं एकट्याने राहणं आता धोक्याचं आहे. सप्टेंबरअखेर मला अहवाल द्यायचाय. तोवर स्वतः सरकता आलं तर ठीक. नाहीतर होर्नला जागा बघावी लागेल."

"तिथे वाटाण्याचं सूप कसं असतं?"

"पातळ."

"मग नको."

ती हसली, पण काय लिहायचं ते लिहिणारच. मी म्हटलं, "ऑगस्टमध्ये नवं फूल हातात येतंय. एक महिना दे."

"मी महिना दिलाच आहे, योके. सप्टेंबर म्हणाले ना?"

सीम म्हणाला, "ही माझी बहीण कोबी सोडून माझ्यामागे लागली आहे. कोबीचं नशीब."

१४ जुलै

दोन्ही फुलावर! लांबी म्हणजे सैन्याची रांग. एकाच उंचीवर एकच तुरा, एकाच दिवशी. आयुष्यात केलेलं सगळ्यात देखणं काम आहे हे. बुटकीही एकसारखीच आहे, पण एकसारखी बेंगरूळ. दाट, चिकट, आणि तोच मांजराचा वास, दुप्पट. काचघराचं दार उघडलं की शेजारचा कुत्रा शिंकतो.

२ ऑगस्ट

प्रत्येक झाडाचं फूल वेगळ्या पिशवीत भरून तपासायला पाठवलं होतं. प्रयोगशाळेतल्या बाईचा फोन. आवाजात जरा संशय.

"बाई, एकाच झाडाची फुलं सगळ्या पिशव्यांत भरलीत का? आकडे सगळे एकच येतायत."

"नाही."

"नक्की?"

"नक्की!"

कुणी माझी याहून मोठी स्तुती केलेली नाही. सीमला सांगितलं तर म्हणाला, "तुझ्या थडग्यावर लिहू. सगळे आकडे एकच आले."

११ ऑगस्ट

लांबी वाळली. आज पहिला पेला. सीमने पिऊन पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "चव बरी आहे." ही वाईट खूण. जुन्या चहाला तो कधी बरं म्हणाला नव्हता.

तासभर बसलो. त्याने टाच हलवायचा प्रयत्न केला. नाही.

१५ ऑगस्ट

पाच दिवस लांबी. रोज तेच. काहीही नाही! लख्ख डोकं, दगडी पाय. सगळी झाडं सारखी आणि सगळी सारखीच कुचकामी. याचाच तर ध्यास घेतला होता मी. आज जे होईल तेच उद्या होईल, याची खात्री. मिळाली खात्री.

काचघरात जाऊन रडले. लांबीच्या समोरच. किती देखणी दिसत होती, सटवी.

१६ ऑगस्ट

सीम म्हणाला, "ती दुसरी कधी वाळतेय, ती घाणेरडी?"

"गुरुवारी."

"मग गुरुवारी. तुझं तोंड असं असेल तर मात्र इकडे येऊ नकोस. मला तुझंही दुखणं सांभाळायला जमणार नाही."

१८ ऑगस्ट

बुटकीचा चहा. वास सगळ्या घरभर. सीमने घोट घेतला आणि तोंड असं वाकडं केलं की मला क्षणभर आई आठवली. "श्शी," म्हणाला. "हा तोच आहे."

आशा करायची नाही असं ठरवून गेले होते. खिडकीबाहेर बघत बसले. बांधावरून कुणीतरी सायकलवर वाऱ्याविरुद्ध चाललं होतं, जागच्या जागी असल्यासारखं. मग मागून सीमचा आवाज. अगदी हळू.

"योके. बोटं बघ."

उजव्या पायाची बोटं. उघडत होती, मिटत होती.

१९ ऑगस्ट

काल पुढे लिहवलं नाही. तो संध्याकाळी जेवणाआधी खुर्चीतून पलंगावर स्वतः गेला. मी दाराआड उभी राहून पाहिलं. पलंगावर पोचल्यावर त्याने उशीला एक बुक्की मारली. जिंकल्यावर मारतात तशी.

आज पुन्हा तेच. तेवढ्याच वेळात, तेवढंच!

१ सप्टेंबर

त्याला न सांगता रोज वेगळ्या झाडाचा चहा देते आहे. प्रत्येक झाडावर खूण आहे, माझ्यापुरती. त्याला एकदाही कळलं नाही. आज सांगितलं.

"म्हणजे मी इतके दिवस उंदीर होतो?"

"हो."

"आणि रोज वेगळं झाड?"

"रोज."

त्याने रिकामा पेला उचलून पाहिला. "म्हणजे बी पेरलं की झालं? कुठलंही? कुणीही पेरलं तरी?"

"कुणीही. खिडकीत ऊन हवं फक्त. कलमं नकोत, दिवे नकोत, शेड नको, माझी कटकट नको."

"तुझी कटकट नको," तो म्हणाला, आणि कितीतरी वेळ हसत राहिला. इतका आनंदी मी त्याला गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मला वाटलं, सार्थक झालं. अगदी तोच शब्द मनात आला.

१४ सप्टेंबर

नाईमा आली. सीमने तिला सरकून दाखवलं. पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवायला निघाला तेव्हा ती म्हणाली, "बस, बस, सर्कशीत भरती करायची नाही तुम्हाला." वहीत लिहिलं. राहू शकतात. मी ते शब्द उलटे, तिच्या समोर बसून वाचले. मग ती कॉफी प्यायली आणि मी डबा उघडाच ठेवला!

जाताना दारात मला मिठी मारली. मी सहसा मारू देत नाही.

२० सप्टेंबर

शेडमधली जुनी आई, म्हणजे सीमचं मूळ झाड, काढायची होती. रोगट झाड ठेवण्यात अर्थ नाही, आणि मी ठेवणार नव्हतेच, पण कुंडीला हात लाववेना. वीस वर्षं. सीमची बायको रीत गेली त्या वर्षी आणलेलं झाड ते. त्याने पहिल्यांदा शेडमध्ये पडदे लावले तेव्हा मी त्याच्याशी भांडले होते.

"कात्री दे," तो म्हणाला. खुर्चीतून वाकून त्याने बुंधा एका दणक्यात तोडला. आणि शीळ घालत होता! माझेच डोळे भरून आले. त्याने दिवे बंद केले, पडदा बाजूला सारला, आणि शेडमध्ये ऊन आलं. कोपऱ्यात धूळ, मेलेल्या माश्या.

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"नाही," म्हणाला. "मोकळं वाटतं."

मला तो बराच निष्ठुर वाटला.

२८ सप्टेंबर

बुटकीच्या आईबापांची रोपं पुन्हा लावली, पुढच्या बियांसाठी. लांबी सगळी कंपोस्टात. वाउटर येऊन गेला, आता खरंच पाच आहेत म्हटल्यावर जरा हिरमुसलाच.

सीमच्या खोलीची पूर्वेकडची खिडकी हिवाळ्याआधी रंगवून घ्यायला हवी. त्याला म्हटलं, रंगारी बोलावते. "बघू," म्हणाला.

६ ऑक्टोबर

सीम झेलंडला चालला आहे. हेस्टरकडे, कायमचा. शुक्रवारी गाडी येते.

"फीन झाल्यापासून जायचं होतं, योके. त्याआधीपासूनच. पण झाड सोडून जाता येत नव्हतं. आता खिशात घालून नेता येतं."

आणि मी दोन वर्षं समजत होते की तो या घरासाठी थांबलाय. थोडा माझ्यासाठीही.

संकराचं बी घरी धरता येत नाही, पुढच्या पिढीत पुन्हा जितकी रोपं तितक्या तऱ्हा, म्हणून दर वर्षी माझ्याकडेच यावं लागेल, असं सांगणार होते. तोंडावर आलं होतं. मग काचघरात गेले आणि होतं नव्हतं ते सगळं बी डब्यात भरलं. त्याला आयुष्यभर पुरेल.

"एवढं कशाला?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "थंड जागी ठेव."